दहाव्या दिवशी टाके कोण काढणार? परदेशातल्या मिशन हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या सेवेला जाण्याआधी

परदेशातल्या शस्त्रक्रिया शिबिराला मी पहिल्यांदा गेले ती आठ दिवसांसाठी. शेवटच्या दुपारी एक बाई हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या नवऱ्याला धरून धरून घेऊन आली आणि दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, "टाके कोण काढणार?" आमच्या पेट्या गाडीत चढल्या होत्या. ऑपरेशनं नीट झाली होती, टीममधली माणसं मनापासून राबली होती, रोज सकाळी प्रार्थना होत होती. पण आम्ही गेल्यावर त्या गावात कोण बघणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्या बाईला मी जे उत्तर दिलं ते उत्तर नव्हतं, धीर देणं होतं.

मी मिरजेची. ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स, म्हणून चोवीस वर्षं काम केलं. त्या शिबिरानंतर तीनदा केनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एका मिशन हॉस्पिटलात गेले, दर वेळी महिना-दीड महिना राहिले. आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं-मुली, नर्सिंगचे विद्यार्थी, कधी एखादे निवृत्त सर्जन विचारतात, "आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गरज खरी आहे, याबद्दल शंका नको. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेला अंदाज असा, की जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. आठ-दहा दिवसांच्या फेऱ्यांनी हा आकडा हलत नाही. तो हलतो तिथलेच सर्जन, तिथल्याच सिस्टर, तिथलेच भूलतज्ज्ञ तयार झाले की.

आम्हा मिरजकरांना हे कुणी शिकवायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली कॅनडातून आले, १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. ते शस्त्रक्रिया करून निघून गेले नाहीत. जवळजवळ चार दशकं राहिले, इथल्या मुलांना शिकवलं, आणि आज मिरजेला लोक दवाखान्यांचं गाव म्हणतात. मिशनच्या कामाचं फळ कसलं असतं ते आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलंय. आता देणाऱ्याच्या बाजूला उभं राहताना ते विसरू नये.

संस्था निवडताना विचारायचे प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तिकीट, लसी, सामान हे सगळं नंतर जमतं. संस्था चुकली तर काहीच जमत नाही.

साधारण तीन वाटा आहेत. एक, कायमचं चालणारं मिशन हॉस्पिटल, जिथे तुम्ही काही आठवडे हातभार लावायला जाता. केनियातलं किजाबे किंवा टेनवेक ही याची जुनी, नावाजलेली उदाहरणं. दोन, मर्सी शिप्ससारखी रुग्णालय-जहाजं. ही संस्था १९७८ साली सुरू झाली. तिचं 'ग्लोबल मर्सी' हे जहाज मुद्दाम रुग्णालय म्हणूनच बांधलेलं आहे, त्यावर सहा ऑपरेशन थिएटरं आहेत, आणि ते एकेका बंदरात महिनोन् महिने मुक्काम करतं. तीन, शाळेत किंवा सभागृहात भरणारी आठ-दहा दिवसांची शिबिरं. तिसऱ्या वाटेबद्दल माझं मत कडक आहे. जवळच्या कायमच्या हॉस्पिटलाशी लेखी बांधलेलं नसेल तर त्या शिबिराला जाऊ नका. बोलावणारा पाळक कितीही ओळखीचा असला, तरी.

कुठल्याही संस्थेला हे विचारा, आणि उत्तर ई-मेलवर लेखी घ्या. आम्ही निघाल्यानंतर रुग्ण कोण पाहणार, त्या माणसाचं नाव काय? रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर थिएटर उघडणार कोण? रक्त कुठून मिळतं? तुम्ही आम्हाला बोलावताय, की आम्ही येतो म्हटलं म्हणून हो म्हणताय? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. पाहुण्याला नाही म्हणणं आफ्रिकेतही तितकंच जड जातं जितकं आपल्याकडे. आणि पाहुण्यांच्या टीमसाठी हॉस्पिटलाला आपली ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतात, खोल्या रिकाम्या कराव्या लागतात, सिस्टरच्या ड्युट्या बदलाव्या लागतात.

आणखी एक पाहा: तिथे स्थानिक डॉक्टर शिकताहेत का? 'पॅक्स' या नावाने ओळखली जाणारी, आफ्रिकेत ख्रिस्ती सर्जन घडवणारी संस्था १९९०च्या दशकापासून मिशन हॉस्पिटलांमध्येच तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं पूर्ण प्रशिक्षण देते. अशा ठिकाणी गेलेल्या सर्जनने स्वतः दहा ऑपरेशनं करण्यापेक्षा शिकणाऱ्याला दोन नीट करू द्यावीत.

आधी घराजवळ करून पाहा

परदेशाच्या आधी पंधरा दिवस आपल्याच एखाद्या ग्रामीण मिशन हॉस्पिटलात काम करा. नंदुरबार जिल्ह्यात चिंचपाड्याला आहे, अहिल्यानगरला इव्हँजेलिन बूथ आहे. मुंबई-पुण्याच्या कॉर्पोरेट थिएटरमध्ये वाढलेल्या सिस्टरला ऑपरेशनच्या वेळी रुग्णावर घालायचे हिरवे कापडी ड्रेप धुऊन, वाळवून, घडी घालून ऑटोक्लेव्हला (वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावायची सवय नसते. ती सवय इथेच लागू द्या.

आपल्या मातीतून शिकण्यासारखं आणखी एक. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या कमकुवत जागी आतून बसवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. पुढे आफ्रिकेतही ही पद्धत वापरली गेली. २०१६ साली युगांडातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मच्छरदाणीच्या जाळीचे परिणाम कंपनीच्या जाळीच्या तोडीचे निघाले. पण म्हणून बाजारातली मच्छरदाणी कापून बॅगेत टाकू नका. कापड कुठलं, किती तापमानाला निर्जंतुक करायचं, हे ठरलेलं असतं. चुकीचं कापड वितळतं. ज्या हॉस्पिटलात ही पद्धत बसलेली आहे, तिथेच ती वापरा.

सहा महिने आधी: कागद

सहा महिने हा आकडा मी उगाच सांगत नाही. खाली लसींमध्ये त्याचं कारण आहे.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं आणि सिस्टरना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असा दाखला, लागतं. ते काढायला वेळ जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करा. केनियात डॉक्टरांची आणि नर्सेसची नोंदणी वेगवेगळ्या कौन्सिलकडे होते, आणि थोड्या दिवसांसाठी आलेल्यांनाही तात्पुरती नोंदणी लागते. अर्ज सहसा यजमान हॉस्पिटल करतं. पासपोर्ट, पदवी, नोंदणीपत्र, अनुभवाचं पत्र, फोटो यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते तपासा. लग्नाआधीचं नाव पदवीवर आणि नंतरचं पासपोर्टवर, यात आपल्याकडच्या किती सिस्टर अडकतात! राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा.

जानेवारी २०२४पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती देशात शिरण्यापुरती. बिनपगारी असलं तरी काम ते कामच. त्यासाठी वेगळा पास लागतो. पर्यटक म्हणून शिरून थिएटरमध्ये उभं राहणं बेकायदा आहे. 'देवाचं काम आहे, कोण विचारतंय' असं कुणी म्हणालं तर त्या टीममध्ये जाऊ नका. काही बिघडलं की तुम्ही विमानात बसता, आणि जबाब देतो तो तिथला मेडिकल सुपरिटेंडंट.

इथल्या व्यावसायिक विम्याची पॉलिसी काढून वाचा. बहुतेक पॉलिसी भारतापुरत्या असतात. यजमान हॉस्पिटलाचं संरक्षण पाहुण्यांना लागू आहे का, तेही लेखी विचारा. प्रवासविम्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च असायलाच हवा.

लसी आणि औषधं

हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात. म्हणून सहा महिने. पूर्वी घेतले असतील तर अँटिबॉडी टायटर, म्हणजे रक्तातलं संरक्षण किती आहे ते, तपासा. १०च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला. थिएटरमध्ये काम करणाऱ्याने हे टाळू नये.

पिवळ्या तापाची लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. हे प्रमाणपत्र जाताना जितकं लागतं त्याहून परत येताना जास्त लागतं. केनियासारख्या देशातून त्याशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पिवळी पुस्तिका पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा, बॅगेत नको.

मलेरियाची गोळी डॉक्टरला विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि लोक नेमके घरी आल्यावर ती सोडून देतात. उंच डोंगराळ भागात डास कमी असले तरी वाटेत मुक्काम कुठे होईल सांगता येत नाही.

सुई टोचली तर काय, हे जाण्याआधीच ठरवा. केनियात एचआयव्हीचं प्रमाण आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, फार तर ७२ तासांच्या आत, आणि पुढे २८ दिवस. ती औषधं हॉस्पिटलात कुठल्या कपाटात असतात आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारा. मी विचारलं होतं, आणि दुसऱ्या फेरीत मला ते लागलं. दोन ग्लोव्ह्जच्या आरपार सुई गेली होती. वीस मिनिटांत पहिली गोळी पोटात होती, कारण किल्ली कुणाकडे आहे हे मला माहीत होतं.

पैसे

बहुतेक ठिकाणी तिकीट, विमा, राहणं-जेवण आपलं आपण करायचं असतं. मर्सी शिप्सवरही स्वयंसेवक आपला खर्च स्वतः भरतात. मंडळीकडून वर्गणी घेणार असाल तर आधी कागदावर मांडा: एवढे प्रवासाला, एवढे राहण्याला, एवढे हॉस्पिटलाच्या गरीब रुग्ण निधीला. 'गरिबांच्या ऑपरेशनसाठी' म्हणून मागायचं आणि त्यातून विमानाचं तिकीट काढायचं, हे करू नका. तिकिटासाठी मागताय तर तिकिटासाठीच म्हणा. लोक देतात.

सामान

निघण्याआधी हॉस्पिटलाकडून यादी मागवा आणि यादीतलंच न्या. ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळा केलेले, मुदत संपत आलेले टाके आणि सँपलची औषधं नेऊ नका. दान दिलेल्या औषधांची मुदत पोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. केटामाइन, मॉर्फिनसारखी औषधं चुकूनही बॅगेत नकोत. बाकीच्यांची छापील यादी, मुदतीच्या तारखा आणि हॉस्पिटलाचं पत्र वरच ठेवा; कस्टमला दाखवावं लागतं.

स्वतःसाठी: चार्ज होणारा हेडलॅम्प (वीज जाते, आणि जनरेटर लागेपर्यंतचे क्षण पोट उघडं असताना फार लांब असतात), थिएटरची स्वतःची चप्पल, दोन-तीन स्क्रब सूट, स्वेटर. आफ्रिका म्हणून सुती कपडे घेऊन गेले नि रात्री कुडकुडले. ते गाव आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे. केनियात ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची प्लगं असतात, आपली बसत नाहीत. लोणचं न्यायचं असेल तर न्या, पण जेवणाची काळजी करू नका. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकीची पालेभाजी चवीला लागते, आणि चहा-चपाती तर तिकडेही रोजची. शब्दही तेच, 'चाय' आणि 'चपाती'.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस हात बांधून उभ्या राहा. बघा. लिहून घ्या. मग काम मागा.

तिथल्या थिएटरच्या इन-चार्ज सिस्टर गॉज स्वतः कापून दहाच्या जुड्या बांधायच्या. मला पाचची सवय. पहिल्या दिवशी पोट बंद करताना माझी मोजणी आणि फिरत्या नर्सची मोजणी जुळेना. सर्जन थांबले. इन-चार्ज सिस्टर आत आल्या, फळ्याजवळ गेल्या, वापरलेले गॉज बादलीतून चिमट्याने एकेक काढून जमिनीवरच्या प्लास्टिकवर दहा-दहाच्या ओळीत मांडले. चार ओळी, एकही कमी नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "इथे दहा." त्या दिवसापासून मी दहात मोजलं. आपली पद्धत बरोबर असेलही; पण एका थिएटरमध्ये दोन पद्धती चालल्या तर रुग्णाच्या पोटात गॉज राहतो.

म्हणूनच सेफ्टी चेकलिस्ट सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ साली आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी, अशा तीन थांब्यांची. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत तिची चाचणी झाली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्यात प्रत्येकाने नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. घरच्या थिएटरमध्ये ते औपचारिक वाटतं. जिथे तिघे केनियाचे, एक अमेरिकेचा, एक मिरजेची आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क, तिथे 'मी अमुक, स्क्रबला (सर्जनच्या हाताशी) मी आहे' एवढं म्हटल्याने अडचणीच्या वेळी कुणाला हाक मारायची ते कळतं.

आणि भाषा. स्वाहिलीचे वीस-पंचवीस शब्द पाठ करूनच जा. 'पोले' हा पहिला. दुखतंय त्याच्याजवळ बसून म्हणायचा, आपल्या 'अगं बाई, दुखतंय ना' सारखा. 'उसिओगोपे' म्हणजे घाबरू नका. पण वेळ सांगताना फार जपा. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि तास तिथून मोजतात: सात वाजता 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. मला आकडे येत होते, हे माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाबांना सकाळी सहाला बोलवायचं म्हणून मी 'सा सिता' सांगितलं. सिता म्हणजे सहा. ते दुपारी बाराला आले, सांगितल्याप्रमाणे बरोबर वेळेवर, उपाशीपोटी, दोन मताटू (तिकडच्या वडापच्या गाड्या) बदलून. यादी पुढे गेली होती. इन-चार्ज सिस्टरनी त्यांचं ऑपरेशन संध्याकाळी बसवलं, पण तेवढा वेळ त्या बाबांना माझ्यामुळे पाण्याविना बसावं लागलं. तेव्हापासून वेळ, उपास आणि औषधाचा डोस मी कधीच स्वतः सांगितला नाही. दुभाष्याकडून सांगायचं, आणि रुग्णाकडून परत म्हणवून घ्यायचं.

श्रद्धा आणि संमती

मी विश्वासाने जाते, आणि ते लपवत नाही. सकाळी उपासना होते, गाणी होतात, मग हँडओव्हर. त्या उपासनेने मला पुढचे बारा तास उभं राहायचं बळ मिळतं.

पण ट्रॉलीवर आडवा झालेला माणूस 'नाही' म्हणायला मोकळा नसतो. ज्याच्या हातात चाकू आहे त्याने 'प्रार्थना करू का?' विचारलं तर कोण नको म्हणेल? म्हणून संमतीच्या सहीच्या वेळी प्रार्थनेचा विषय काढू नये. सही झाली, शंका विचारून झाल्या, की तिथल्या चॅप्लेनने (हॉस्पिटलच्या पाळकाने) किंवा रुग्णाच्याच भाषेच्या सिस्टरने आदल्या संध्याकाळी वॉर्डात विचारावं. मुसलमान रुग्ण असेल, पारंपरिक श्रद्धेचा असेल, त्याला त्याची प्रार्थना करायला वेळ द्या. ऑपरेशन कुणाचं आधी, हे आजार ठरवतो. कोण कुठल्या देवाला मानतो त्यावरून ते ठरू लागलं, तर त्याच दिवशी आवाज उठवा.

वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या एवढंच मला लहानपणी लक्षात राहिलं होतं. पुढचं आता कळतं: त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाकडे सोपवलं, खर्चाचे पैसे दिले आणि परत येताना उरलेलं भागवीन म्हणाला.

फोटोंबद्दल थोडक्यात: भूल दिलेल्या, उघड्या, रडणाऱ्या माणसाचा फोटो काढूच नका. मंडळीत दाखवायला थिएटरची इमारत, तिथली टीम, चहाची किटली पुरते.

निघताना

शेवटचे तीन दिवस नवीन मोठं ऑपरेशन घेऊ नका. याबद्दल सर्जनशी भांडावं लागलं तरी भांडा. ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांची यादी करा: नाव, खाट, काय केलं, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कधी काढायचा, टाके कुठल्या तारखेला, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायचा आहे का, आणि समोर त्या त्या स्थानिक डॉक्टरचं किंवा सिस्टरचं नाव. ती यादी त्या माणसासोबत वॉर्डात फिरून द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. तिसऱ्या फेरीत माझ्या यादीत एकोणीस नावं होती. घरी आल्यावर नवव्या दिवशी इन-चार्ज सिस्टरचा व्हॉट्सॲप आला, सतरा जणांचे टाके निघाले, दोघांच्या जखमेतून पाणी येतंय, रोज ड्रेसिंग चालू आहे. त्या दोघांबद्दल मी पुढे महिनाभर विचारत राहिले.

परतल्यावर ताप आला तर 'प्रवासाचा थकवा' म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरला 'मी आफ्रिकेतून आले आहे' हे पहिलं वाक्य सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार दोन-तीन दिवसांत माणूस अत्यवस्थ करतो, आणि लागण झाल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतो. मंडळीला खर्चाचा हिशेब द्या, पावत्यांसह. आणि पुन्हा जायचं असेल तर त्याच हॉस्पिटलाला लिहा, कधी येऊ ते त्यांनाच ठरवू द्या.